सॅलरी कॅप असूनही रग्बी लीगचे क्लब का बुडतात?

ऑड्सलकर | शनिवार, रात्री १०:२५

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळत होता, पण सॉल्फर्डची बातमी आली आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सॉल्फर्ड रेड डेव्हिल्स हा १८७३ सालचा क्लब. करखात्याच्या थकबाकीपायी कोर्टाने तो डिसेंबर २०२५ मध्ये गुंडाळायला लावला. २०१९ मध्ये हाच संघ सुपर लीगची, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या विभागाची, अंतिम लढत खेळला होता. आणि नेमका त्याच सुमारास आमचा ब्रॅडफर्ड बुल्स अकरा हंगाम बाहेर काढून २०२६ साठी सुपर लीगमध्ये परततोय. आपल्या घरी बारसं आणि शेजारी सुतक, असं काहीसं झालंय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू घेऊन समोरच्या भिंतीवर धावून जायचं, पाडलं की उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा आणि पुन्हा धडक. सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. टीव्हीवर आपल्याकडे सहसा दिसतो तो पंधरा जणांचा रग्बी युनियन, तो वेगळा. दोन्ही वेगळे झाले ते पैशावरूनच. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत कामाला. शनिवारी सामना म्हणजे पाळी बुडणार, रोज बुडणार. त्या खाड्याचे पैसे क्लबाने द्यावेत एवढीच मागणी होती. लंडनच्या हौशी मंडळींनी ती धुडकावली, म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाडाभरपाईतून जन्मलेला खेळ आहे हा.

आता कॅप, म्हणजे क्लबाने वर्षाला खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. इंग्लंडमध्ये ती १९९८ पासून आहे. सुरुवातीला नियम असा होता की क्लबाने उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम पगारावर घालवायची नाही. नंतर सगळ्यांना एकच ठोक आकडा आला. गेली वीसेक वर्षं तो १६ ते २१ लाख पौंडांच्या दरम्यान घुटमळतोय. २०२५ मध्ये तो २१ लाख होता, शिवाय मोजक्या बड्या खेळाडूंसाठी सवलत. हेतू दोन: श्रीमंत क्लबाने सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत आणि कुणी पगारापायी बुडू नये.

दुसरा हेतू फसला, असं मी म्हणतोय. मी ब्रॅडफर्डला २००४ मध्ये आलो. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच महिन्यात मला ऑड्सलला नेलं. हे मैदान म्हणजे एक प्रचंड खोलगट वाडगा आहे. कपडे बदलायच्या खोल्या वर आणि मैदान तळाशी, त्यामुळे खेळाडू प्रेक्षकांमधून पायऱ्या उतरत खाली जातात. बुल्सचा धिप्पाड खेळाडू लेस्ली वैनीकोलो माझ्यापासून हातभर अंतरावरून खाली गेला तेव्हा पायरी हलल्यासारखी वाटली होती. त्या काळात बुल्स म्हणजे बुल्स! १९९७, २००१, २००३, २००५ असे चार वेळा विजेते. याच ऑड्सलवर १९५४ मध्ये चॅलेंज कप या बाद-फेरीच्या स्पर्धेच्या फेरलढतीला १,०२,५६९ माणसांची नोंद आहे.

आणि मग २०१२. मैदानाचा दीर्घ मुदतीचा ताबा क्लबाने रग्बी फुटबॉल लीगला, म्हणजे खेळाच्या नियामक संस्थेला, विकला, तरी भागेना. चाहत्यांना हात पसरून मदत मागितली. शहरात बादल्या फिरल्या, लोकांनी खरंच पैसे टाकले, मीही टाकले आणि आजही त्याचं समाधान आहे. तरी जूनमध्ये प्रशासक बसला, म्हणजे दिवाळखोरीत निघालेल्या क्लबाचा कारभार बाहेरच्या माणसाकडे गेला. २०१४ मध्ये पुन्हा. २०१६ च्या नोव्हेंबरात तिसऱ्यांदा, आणि ३ जानेवारी २०१७ ला जुनी कंपनी गुंडाळली. नवा क्लब उणे १२ गुणांनिशी दुसऱ्या विभागात उभा राहिला. त्या दिवशी आजोबांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं, "आता शनिवारी काय करायचं रे?" त्यांचं वय तेव्हा ८१.

या सगळ्या काळात कॅप होतीच ना? मग तिने वाचवलं कुणाला? जाणकारांनी लिहावं.

---

चढाईपटू_सांगली | शनिवार, रात्री ११:१०

लेख आवडला दादा. "खाड्याचे पैसे" वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा गिरणीत होते, खाडा या शब्दाची घरात केवढी धास्ती असायची ते ऐकलंय.

एक शंका. आपल्या प्रो कबड्डीत २०२४ च्या लिलावात प्रत्येक संघाला सारखेच ५ कोटी होते. त्यात बसवा नाहीतर खेळाडू सोडा. तिकडे आणि इथे फरक काय? आणि टीव्हीचे पैसे सगळ्यांना वाटून मिळतात ना, मग त्यातूनच पगार का भागत नाहीत?

---

ऑड्सलकर | रविवार, सकाळी ९:०५

@चढाईपटू_सांगली, मुद्द्याला हात घातलात. प्रो कबड्डीचे संघ २०१४ पासून उद्योगसमूहांनी विकत घेऊन उभे केले. इथले क्लब शंभर-सव्वाशे वर्षं जुने, एकेका गावाचे. कॅसलफर्डसारख्या खाणगावातून लंडनएवढा प्रायोजक कुठून येणार?

टीव्हीचं सांगतो. १९९५ मध्ये मर्डॉक यांच्या कंपनीने पाच वर्षांसाठी ८.७ कोटी पौंड देऊ केले, त्यातून सुपर लीग जन्मली आणि खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला. २०२१ पर्यंत स्काय वाहिनीचा करार वर्षाला साधारण ४ कोटींचा होता. २०२२ पासून तो अडीच कोटींच्या आसपास आला. म्हणजे मोठा वाटा एका झटक्यात गेला, पण कॅप २१ लाखांवरच राहिली. मध्यवर्ती रकमेतून कॅपएवढा खर्च भागतच नाही. उरलेलं तिकिटांतून, बारमधून, नाहीतर मालकाच्या खिशातून.

---

पॅरामॅटाची_मीनल | रविवार, सकाळी ११:३०

सिडनीहून लिहितेय. दादा, धागा काढलात ते फार बरं झालं. ऑस्ट्रेलियाची बाजू सांगते, कारण इथे कॅपचं चित्र अगदी वेगळं आहे.

इथे कॅप १९९० मध्ये आली. इथले क्लब टीव्हीमुळे श्रीमंत आहेत आणि लीगकडून मिळणारं अनुदान कॅपपेक्षा जास्त असतं. शिवाय न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ पासून पोकर मशीन, म्हणजे जुगाराची यंत्रं, कायदेशीर आहेत. क्लबांच्या इमारतींत ती मशीन ओळीने मांडलेली असतात आणि त्या पैशावर संघ पोसले जातात. (हे मला कधीच पचलेलं नाही. रिटायर झालेली माणसं दुपारी एकटी तिथे बसलेली पाहिली की पोटात तुटतं. पण तो वेगळा धागा.)

म्हणजे इथे खरा त्रास बुडण्याचा नाही, चोरीचा. आणि चोरी काय असते ते आम्हा पॅरामॅटावाल्यांना (सिडनीतला माझा क्लब) दोन्ही बाजूंनी कळलंय.

२००९ ची अंतिम लढत. आम्ही आठव्या क्रमांकावरून चढत चढत तिथवर पोचलो होतो. १९८६ नंतर आम्हाला अजिंक्यपद नाही. मेलबर्न स्टॉर्मने आम्हाला २३-१६ हरवलं. घरी येताना ट्रेनमध्ये निळे-पिवळे मफलर घातलेली माणसं एकमेकांकडे न बघता बसली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. सहा महिन्यांनी, २२ एप्रिल २०१० ला कळलं की स्टॉर्मने कराराचे दोन संच ठेवले होते, एक लीगला दाखवायचा आणि एक खरा. पाच वर्षांत ३० लाखांहून जास्त डॉलर कॅपच्या वर उधळले होते. २००७ आणि २००९ ची दोन्ही अजिंक्यपदं काढून घेतली. कॅमेरॉन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉन्क, ग्रेग इंग्लिस असा संघ, आणि २०१० चा उरलेला हंगाम त्यांना शून्य गुणांवर खेळायला लावला. जिंकले तरी गुण नाहीत!

पण ते अजिंक्यपद आम्हाला मिळालं नाही. २००९ समोर नुसती रिकामी जागा राहिली. आमच्या ऑफिसातला एकजण तेव्हा म्हणाला होता, "पर्स चोराकडून काढून घेतली, पण मला नाही दिली." तो स्वभावाने शांत माणूस, पण ते बोलताना त्याचा आवाज थरथरत होता.

आणि मग २०१६. या वेळी आमचाच क्लब. त्रयस्थ करार नावाची सोय असते. बाहेरची कंपनी जाहिरातीसाठी खेळाडूला थेट पैसे देते आणि ते कॅपमध्ये धरत नाहीत, अट एवढीच की क्लबाने मध्यस्थी करायची नाही. आमच्या क्लबाने नेमकी तीच केली होती, खोटी बिलंही केली होती. १२ गुण कापले, १० लाख डॉलर दंड, पदाधिकारी घरी. संघ त्या वर्षी छान खेळत होता, पहिल्या आठात सहज गेला असता. सहा वर्षं स्टॉर्मला चोर म्हणणारे आम्ही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात मान वर करून बघू शकलो नाही.

तरीही मी कॅपच्या बाजूची आहे. १९९८ पासून इथे बारा वेगवेगळे क्लब अजिंक्य झालेत. क्रोनलासारखा क्लब १९६७ पासून खेळतोय, त्यांना पहिलं अजिंक्यपद २०१६ ला मिळालं. ही कॅपची पुण्याई.

---

खुला_बाजार | रविवार, दुपारी ३:४५

असहमत. मीनलताई, तुमच्याकडे बारा विजेते झाले कारण तुमच्याकडे पैसा सगळ्यांना पुरतो. इंग्लंडकडे बघा. १९९६ ते २०२४, एकोणतीस हंगाम, त्यातले सगळे विगन, सेंट हेलन्स, लीड्स आणि ब्रॅडफर्ड या चौघांनीच जिंकले. २०२५ ला हल किंग्स्टन रोव्हर्सने ती साखळी तोडली. जवळजवळ सगळा काळ कॅप होती. म्हणजे समतोलही आला नाही आणि क्लबही वाचले नाहीत. उलट चांगले खेळाडू ऑस्ट्रेलियाला नाहीतर रग्बी युनियनला जातात कारण इथे पगार दाबलेला. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला खर्चू द्या. कॅनडाच्या टोराँटो वुल्फपॅकने न्यूझीलंडचा नामांकित खेळाडू सॉनी बिल विल्यम्सला आणलं तेव्हा ज्यांना रग्बी लीग माहीतही नव्हतं ते बघायला लागले.

---

ऑड्सलकर | रविवार, संध्याकाळी ६:२०

@खुला_बाजार, टोराँटोचं पुढचंही सांगा ना. २०२० मध्ये सुपर लीगमध्ये आले, करोना आला, मालकाचा पैसा आटला आणि जुलैमध्ये हंगाम अर्धा सोडून गेले. पगार थकले. सॉनी बिलचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते घर भाड्याने घेतलेल्या साध्या खेळाडूंचं.

आणि कॅप नसतानाचं विगन आठवा. १९८८ ते १९९५ सलग आठ चॅलेंज कप. सगळे चांगले खेळाडू एका गावात. एवढं जिंकूनही पैसा पुरला नाही, शेवटी त्यांचं मैदान सेंट्रल पार्क विकावं लागलं. तिथे आज टेस्कोचं सुपरमार्केट आहे. जिंकणाऱ्यालाही परवडलं नाही हो ते.

चौघांच्या मक्तेदारीबद्दल मात्र तुमचं खरं आहे. मला वाटतं त्याचं कारण असं की ही फक्त वरची मर्यादा आहे. २१ लाख खर्च करता येतात म्हणून सगळे करतात असं नाही. तळाचे क्लब त्याच्या खूप खाली राहतात, किंवा नसलेले पैसे खर्चून तिथे पोचायला बघतात. दुसरी तऱ्हा जास्त घातक.

---

हिशेबनीस | रविवार, रात्री ९:५०

मी मँचेस्टरला हिशेबतपासणीचं काम करतो, बुडालेल्या कंपन्यांची कागदपत्रं रोज हाताखालून जातात. क्लब नेमका कसा बुडतो ते सांगतो, कारण त्याचा कॅपशी फार थोडा संबंध आहे.

खेळाडूचा पगार समजा महिना ४,००० पौंड. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी) कापून त्याच्या हातात तीन हजारांच्या थोडे वर पडतात. कापलेली रक्कम क्लबाने पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत करखात्याला भरायची, त्यात मालक म्हणून स्वतःचा वाटाही घालायचा. म्हणजे तीन-चार आठवडे तो पैसा क्लबाच्या खात्यात पडून असतो. तो क्लबाचा नाही. पण हंगाम संपला, तिकीटविक्री थांबली, आणि पगाराचा दिवस आला की हात तिथेच जातो. खेळाडूला नाही दिलं तर तो शनिवारी खेळणार नाही. करखातं शनिवारी खेळत नाही. म्हणून त्याचं थांबवलं जातं. एक महिना, दोन महिने, मग हप्ते बांधून घ्या, मग हप्ताही चुकतो, मग कोर्टात अर्ज. अर्ज लागला की बँक खातं गोठतं आणि उरलेला श्वासही बंद.

वर्षानुवर्षं मी हीच साखळी बघतोय. कॅप मोजते ती खेळाडूंवर किती खर्च केला हे. तो पैसा कुठून आणला, मालकाने बिनव्याजी दिला, उसना आणला की करखात्याचा वापरला, हे कॅपला दिसत नाही.

यावरून १९९८ चा उत्पन्नाच्या निम्म्याचा नियम मला आजच्यापेक्षा शहाणा वाटतो.

---

खुला_बाजार | रविवार, रात्री १०:३०

पण हिशेबनीस साहेब, तसं केलं तर गरीब क्लब कायमचा गरीब. सॉल्फर्डलाच २०२५ च्या सुरुवातीला लीगने १२ लाखांची वेगळी मर्यादा घातली होती, पैसा आहे हे सिद्ध होईपर्यंत. काय झालं? पहिल्या सामन्यात बहुतेक पोरं उतरवली आणि सेंट हेलन्सने ८२-० ने चोपलं. ऑगस्टमध्ये वेकफील्डविरुद्ध तर संघच उभा राहिला नाही, सामना सोडून द्यावा लागला. उत्पन्नाला बांधलेली कॅप म्हणजे हेच.

---

हिशेबनीस | रविवार, रात्री ११:१५

तो ८२-० मलाही बघवला नाही. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं होती त्यात. पण ती मर्यादा घातली तेव्हा घर आधीच पेटलेलं होतं. डॉक्टरने ताप मोजला म्हणून ताप येत नाही. तीच तपासणी दोन वर्षं आधी, दर तिमाहीला, सगळ्यांची झाली असती तर? करखात्याचा भरणा झाल्याचा दाखला नाही, तर नवीन खेळाडूची नोंदणी नाही. एवढा एकच नियम.

---

स्नेहा_हल | सोमवार, दुपारी १:१०

पहिल्यांदाच लिहितेय इथे. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि नवरा उत्तर इंग्लंडमध्ये छोटा केटरिंगचा धंदा चालवतो. काही वर्षांपूर्वी एका रग्बी लीग क्लबाच्या पाहुण्यांच्या कक्षात आम्ही सामन्याच्या दिवशी खाणं पुरवायचो. क्लबाचं नाव लिहीत नाही. समोसे, पनीर टिक्का, भात, आणि हट्टाने कोथिंबीरवडी. तिथल्या पाहुण्यांना कोथिंबीरवडी इतकी आवडली की नाव न घेता "ग्रीन वन" म्हणून मागायचे.

शेवटच्या तीन महिन्यांची ४,३०० पौंडांची बिलं थकली. विचारलं की "पुढच्या शुक्रवारी". मग प्रशासकांचं पत्र आलं. आमचं नाव यादीत, आमच्या वर फोटोकॉपी मशीनवाला, खाली गवत कापणारा. वर्षभराने पौंडामागे चार पेन्स मिळाले, म्हणजे १७२ पौंड. त्यात तेलाचे डबेही आले नसते.

सांगायचं ते वेगळंच आहे. आमचे स्टीलचे मोठे ट्रे आणि हॉटबॉक्स आत अडकले होते, दाराला कुलूप. संघाचे कपडे सांभाळणारा माणूस, त्याचाही पगार थकलेला, त्याने परवानगी काढून ते सगळं स्वतःच्या गाडीतून घरी आणून दिलं. ट्रे घासून, पुसून आणले होते. दारात उभा राहून त्याने माफी मागितली. त्याने का मागायची? मी चहा दिला, तो प्याला नाही, म्हणाला अजून दोन घरी जायचंय.

कॅप २१ लाख असो की १२, त्या माणसाचा पगार त्यात मोजतात का?

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी २:००

नाही मोजत, स्नेहाताई. कॅप फक्त खेळाडूंची. आणि डिसेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये कापून ठेवलेल्या कराच्या बाबतीत करखात्याचा नंबर तुमच्यासारख्या पुरवठादारांच्या आधी लागतो. म्हणजे क्लब जितका जास्त काळ कर थकवून तग धरेल, तितका तुमचा वाटा बारीक होत जातो. तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ काही लिहू शकलो नाही.

---

पॅरामॅटाची_मीनल | सोमवार, दुपारी ४:२५

स्नेहा, लिहीत रहा ग.

---

चढाईपटू_सांगली | सोमवार, रात्री ८:४०

बरंच शिकायला मिळालं. अजून एक विचारतो. मैदानावर जिंकून वर जायचं, हरून खाली यायचं, ते आता इंग्लंडमध्ये नाही म्हणे?

---

ऑड्सलकर | सोमवार, रात्री १०:५५

बरोबर. आता प्रत्येक क्लबाची गुणपत्रिका असते, एकूण २० गुणांची, आणि वर कोण खेळणार ते तिच्यावर ठरतं. चाहते आणि मैदानावरची कामगिरी ५-५, आर्थिक स्थिती ४.५, स्टेडियम ३, परिसर आणि समाजकार्य २.५. लंडन ब्रॉन्कोज २०२३ ला जिंकून वर आले, तेव्हाच त्यांना माहीत होतं की २०२४ संपल्यावर या गुणांवर खाली जावं लागणार. एक पूर्ण हंगाम असा खेळायचा! त्याचं मला वाईट वाटतं आणि आम्ही बुल्सही याच गुणपत्रिकेवर वर आलोय, हेही लपवत नाही.

पण सॉल्फर्डनंतर मला ती अपुरी वाटते. २० पैकी साडेचारच गुण पैशाला. बाकीचे गुण भरून काढले की क्लब आतून पोकळ असला तरी वरवर ठीक दिसतो. हिशेबनीसांचा करभरणा-दाखला मला या पूर्ण धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटली. त्याला जोडून मी कॅप उत्पन्नाला बांधेन, आणि गरीब क्लब मागे पडू नयेत म्हणून स्वतःच्या अकादमीत घडवलेल्या खेळाडूंचा पगार त्यातून पूर्ण वगळेन. @खुला_बाजार, तुमच्या आक्षेपाला माझं उत्तर एवढंच आहे. ८२-० ची पोरं वाईट नव्हती, त्यांना एकदम सगळ्यांना एकाच दिवशी उतरवलं.

आणि स्नेहाताई, तुमच्या त्या माणसाबद्दल. १८९५ मध्ये भांडण झालं ते खेळाडूच्या बुडलेल्या रोजासाठी. मैदानामागे राबणाऱ्याच्या रोजाबद्दल या खेळात आजही नियम नाही. क्लब बुडाला तर आधी सामान्य कर्मचारी आणि छोटे पुरवठादार यांचे पैसे निघतील असा एक सामायिक निधी लीगने ठेवावा. टीव्हीच्या पैशातून दरवर्षी थोडा काढला तरी होईल. मी ब्रॅडफर्डच्या चाहत्यांच्या पुढच्या बैठकीत हा मुद्दा मांडणार आहे. तुमची हरकत नसेल तर ट्रेची गोष्ट नाव न घेता सांगू का?

---

स्नेहा_हल | सोमवार, रात्री ११:२०

सांगा दादा. आणि फेब्रुवारीत ऑड्सलला आलात तर कळवा, कोथिंबीरवडी घेऊन येते.

---

ऑड्सलकर | मंगळवार, सकाळी ७:१५

येणारच. आजोबा आता नाहीत, पण त्यांच्या नातीने आणि मी शेजारची दोन सीझन तिकिटं काढलीत. ऑफिसात एक सॉल्फर्डचा चाहता आहे, त्यालाही विचारलं, एखाद्या सामन्याला ये म्हणून. तो म्हणाला, "या वर्षी नको." २०१७ मध्ये मला लीड्सच्या मित्राने हेच विचारलं होतं आणि मीही हेच म्हणालो होतो. पुढच्या वर्षी परत विचारेन.